तिकीट म्हणजे करार, मेहेरबानी नव्हे!

१९०१ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपला भाऊ आणि बहिणीच्या मुलांसह आगगाडीतून उतरला. वडिलांकडे गोरेगावला जायचे होते. घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशन मास्तरने चौकशी केली, मुले महार आहेत हे कळले आणि त्याचा चेहराच बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, मुलांच्या खिशात पैसे होते, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही एका अटीवर. गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार! दुप्पट पैसे मोजून स्वतःच गाडी हाकणारा प्रवासी जगाच्या पाठीवर दुसरीकडे सापडणार नाही. त्याच मुलांना आगगाडीने मात्र मसूरपर्यंत आणले होते. आगगाडीने जात विचारली नव्हती, तिकीट विचारले होते.

आता १९१७ सालची गोष्ट. लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेब परत निघाले. सामान आणि पुस्तके थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने पाठवली होती. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायचे होते, पण जायला पैसे नव्हते. तेव्हा थॉमस कुकने बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये दिले. त्यातले काही घरखर्चाला ठेवून बाबासाहेब बडोद्याला गेले. तिथे काय झाले ते चळवळीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पारशी धर्मशाळेत रोजचे भाडे भरून राहणाऱ्या या पाहुण्याला अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले.

या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. परक्या देशातल्या कंपनीने सामान हरवल्याचे पैसे दिले. तिने ते दयेपोटी दिले नाहीत, सामान पोहोचवण्याचा करार होता म्हणून दिले. स्वदेशात मात्र पैसे भरूनही खोली मिळाली नाही, कारण इथे कराराच्या डोक्यावर जात बसली होती. प्रवाशाचे हक्क हा विषय वरवर पाहता सुखवस्तू लोकांचा वाटतो. 'विमानाने फिरणाऱ्यांची दुखणी, आपल्याला काय त्याचे?' असे आपल्यातलेही अनेक जण म्हणतील. पण ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांना पैसे देऊनही गाडीत बसू दिले जात नव्हते, त्या समाजाला तिकिटाचा खरा अर्थ इतरांपेक्षा जास्त कळायला हवा. तिकीट हा करार आहे. त्यात दोन्ही बाजू समान असतात. आणि करार मोडणाऱ्याने भरपाई द्यायची असते.

आज परदेशी कोण जातो?

परदेश प्रवास आता मूठभरांचा राहिलेला नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घेऊन आपली मुले लंडन, एडिंबरा, मेलबर्नला शिकायला जातात. विदर्भ-मराठवाड्यातले, मुंबईच्या वस्त्यांमधले तरुण दुबई, दोहा, रियाधला राबायला जातात. आणि दरवर्षी हजारो उपासक-उपासिका धम्मयात्रेला निघतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर झाल्यावर लुंबिनी येते, आणि लुंबिनी नेपाळात आहे. म्हणजे जिने आयुष्यात पासपोर्ट पाहिला नाही अशी आपली म्हातारी आईसुद्धा परदेश प्रवास करून येते.

गेल्या काही वर्षांतल्या तीन घटना आठवा. २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत एक बस कोसळली आणि जळगाव जिल्ह्यातले सुमारे पंचवीस यात्रेकरू दगावले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले, विमानातल्या २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण मेले. २०२५ च्या डिसेंबरमध्ये देशातल्या सर्वात मोठ्या विमान कंपनीने हजारो उड्डाणे रद्द केली आणि माणसे विमानतळांवर दिवसचे दिवस ताटकळली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम ठाऊक असूनही पुरेशी तयारी केली गेली नव्हती.

प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात एकच शब्द छापून आला, 'मदत'. सरकारने मदत जाहीर केली, उद्योगसमूहाने मदत जाहीर केली. हक्क हा शब्द कुठे दिसला? मदत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. हक्क मागणारा मात्र समोर उभा असतो. म्हणून आधी हक्क काय आहेत ते पाहू.

विमानात : माणसाची किंमत आणि पगाराचा तराजू

आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू आहे. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला आणि आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात त्याचा समावेश केला. संयुक्त अरब अमिराती, ब्रिटन, युरोपीय देश, अमेरिका, अगदी नेपाळही या करारात आहे. या करारात रकमा 'एसडीआर' या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एककात मोजतात. एक एसडीआर आज साधारण सव्वाशे रुपयांच्या आसपास आहे.

अपघातात मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर एका मर्यादेपर्यंत कंपनीला 'आमची चूक नव्हती' असे म्हणता येत नाही. चूक कोणाचीही असो, तेवढ्या रकमेपर्यंतची जबाबदारी कंपनीचीच. २८ डिसेंबर २०२४ पासून जागतिक पातळीवर ही मर्यादा १,५१,८८० एसडीआर झाली आहे, म्हणजे पावणेदोन कोटी रुपयांच्या वर. त्यापुढचे नुकसान मागितले तर आपला हलगर्जीपणा नव्हता हे कंपनीला सिद्ध करावे लागते. सामान हरवले, मोडले किंवा उशिरा आले तर मर्यादा १,५१९ एसडीआर, साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची मर्यादा ६,३०३ एसडीआर.

कागदावर हे चांगले दिसते. प्रत्यक्षात काय होते ते मंगळूरने दाखवले. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ माणसे मेली. त्यात आखाती देशांत राबणारे आणि सुट्टीला घरी येणारे बरेच जण होते. कराराप्रमाणे प्रत्येक कुटुंबाला किमान एक लाख एसडीआर, म्हणजे त्यावेळचे ७५ लाख रुपये, मिळालेच पाहिजेत, असा निकाल केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०११ मध्ये दिला. खंडपीठाने तो त्याच वर्षी बदलला. ती रक्कम किमान नसून वरची मर्यादा आहे, नुकसान जेवढे सिद्ध होईल तेवढेच मिळेल, असे ठरले.

नुकसान कसे मोजतात? मुख्यतः मेलेल्या माणसाच्या कमाईवरून. त्याच विमानातल्या एका मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये साडेसात कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. तो त्या कुटुंबाचा हक्कच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेजारच्या सीटवर बसलेला मजूर त्याच क्षणी, त्याच आगीत मेला आणि त्याच्या विधवेला मात्र नवऱ्याचा तुटपुंजा पगार सिद्ध करत बसावे लागते. पगाराची पावती नाही, करारपत्र मालकाकडे, पासपोर्ट जळलेला. कायद्याच्या तराजूत माणूस नव्हे, त्याचा पगार तोलला जातो. आणि हजारो वर्षे ज्याला शिक्षण, जमीन, धंदा नाकारला, त्याचा पगार कमी का, हा प्रश्न त्या तराजूला पडत नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती मेल्यावरही सुटत नाही ती अशी!

उशीर आणि रद्द उड्डाण : युरोप कुठे, आपण कुठे?

युरोपीय संघात २००५ पासून २६१ क्रमांकाचा नियम लागू आहे. उड्डाण ऐनवेळी रद्द झाले, तिकीट असून विमानात चढू दिले नाही, किंवा विमान मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचले, तर प्रवाशाला २५०, ४०० किंवा ६०० युरो द्यावे लागतात. खराब हवामानासारखी खरोखर असाधारण परिस्थिती असेल तरच सूट मिळते. 'यांत्रिक बिघाड झाला' एवढे सांगून कंपनीला हात झटकता येत नाहीत, असे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. भरपाई मिळो न मिळो, थांबावे लागले तर जेवण, दोन फोन आणि रात्र झाली तर हॉटेल द्यावेच लागते.

या नियमातली खरी गोम लक्षात घ्या. ही रक्कम अंतरावरून ठरते, तिकिटाच्या किमतीवरून नाही. स्वस्तातले तिकीट काढलेला विद्यार्थी आणि पुढच्या मऊ खुर्चीतला कारखानदार यांना सारखेच ६०० युरो. वेळ दोघांचाही वाया गेला आणि वेळेची किंमत दोघांनाही सारखी. एक माणूस, एक मूल्य, हे तत्त्व इथे एका रुक्ष नियमात उतरले आहे.

हा नियम आपल्यालाही लागू होतो, हे किती जणांना माहीत आहे? फ्रँकफर्ट किंवा पॅरिसहून मुंबईला निघालेले विमान कोणत्याही देशाच्या कंपनीचे असो, त्यातल्या प्रत्येक प्रवाशाला हा हक्क आहे. पासपोर्ट भारतीय असला तरी फरक पडत नाही. मुंबईहून युरोपला जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच तो लागू होतो. ब्रिटन संघाबाहेर पडला तरी त्याने तसाच कायदा ठेवला आहे. लंडनहून मुंबईला येणारे विमान चार तासांहून जास्त उशिरा पोहोचले आणि चूक कंपनीची असली तर ५२० पौंड. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर येत नाही म्हणून उधारीवर दिवस काढणाऱ्या आपल्या मुलांना ही रक्कम काय असते, ते त्यांनाच विचारा!

आता आपल्याकडे पाहू. डीजीसीएचे नियम आहेत, नाहीत असे नाही. पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले आणि प्रवास दोन तासांहून मोठा असेल तर १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, 'यापैकी जे कमी असेल ते'. तिकीट असून विमानात घेतले नाही आणि चोवीस तासांच्या आत दुसरी सोय केली तर भाड्याच्या दुप्पट, पण १०,००० पर्यंतच. त्याहून उशिरा सोय केली तर चौपट, पण २०,००० पर्यंतच. आणि नुसता उशीर झाला तर? चहा, जेवण. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरे उड्डाण किंवा पैसे परत. चोवीस तासांहून जास्त उशीर असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचे उड्डाण सहा तासांहून अधिक रखडले, तर हॉटेल. उशिराची रोख भरपाई शून्य.

'जे कमी असेल ते' या चार शब्दांत आपल्या व्यवस्थेचे सगळे चारित्र्य आहे. ज्याने पोटाला चिमटा घेऊन स्वस्त तिकीट काढले, त्याचा हक्कही स्वस्त! युरोपात माणूस धरून हिशेब होतो, इथे पावती धरून.

युरोपातही सगळे गोडीगुलाबीने चाललेले नाही. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या वाहतूक मंत्र्यांनी तीन तासांची अट चार आणि लांबच्या प्रवासाला सहा तासांवर नेण्याचा प्रस्ताव मान्य केला. विमान कंपन्या अनेक वर्षांपासून याच मागे लागल्या होत्या. युरोपीय संसदेतून त्याला विरोध झाला. मिळालेला हक्क पहारा ठेवला नाही तर कुरतडला जातो, हे आरक्षणाच्या बाबतीत आपण रोज पाहतो. तिथेही तेच आहे.

आगगाडी, बोट आणि बस

युरोपचे कौतुक विमानापुरते नाही. तिथे प्रत्येक वाहनाचा वेगळा कायदा आहे. आगगाडी एक ते दोन तास उशिरा पोहोचली तर भाड्याच्या २५ टक्के परत, दोन तासांहून जास्त उशीर झाला तर ५० टक्के. बोटीलाही प्रवासाच्या लांबीप्रमाणे २५ आणि ५० टक्क्यांचाच हिशेब आहे. आणि बस! जिला आपल्याकडे कोणी वाली नाही त्या बसलाही तिथे कायदा आहे. अडीचशे किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या मार्गावर बस दोन तासांहून जास्त रखडली तर कंपनीने प्रवाशाला पैसे परत किंवा दुसरी सोय यातली निवड द्यायची. ती निवडच दिली नाही तर भाडे परत आणि वर निम्मी भरपाई. अपघात झाला तर जखमींना आणि वाचलेल्यांना लगेच लागणारी मदत बस कंपनीनेच करायची, त्यात रात्रीचा निवाराही आला.

म्हणजे तिथल्या कायद्याने विमानातल्या साहेबाला आणि बसमधल्या मजुराला कमी-जास्त का होईना, पण दोघांनाही हक्कदार मानले आहे. आपल्याकडे विमानाने सीमा ओलांडली तर माँट्रियल करार पाठीशी असतो. बसने ओलांडली तर पाठीशी काय असते? इथेच आपल्या समाजाचा प्रश्न सुरू होतो.

सोनौलीच्या कमानीपाशी

गेल्या हिवाळ्यात आमच्या विहारातल्या उपासिकांबरोबर मी लुंबिनीला गेलो होतो. गोरखपूरपर्यंत रेल्वे. तिथपर्यंत चिंता नव्हती. रेल्वेचे तिकीट हातात होते, अपघात झाला तर भरपाई देणारा १९८९ चा रेल्वे कायदा आहे, मृत्यूला आठ लाखांची रक्कम नियमातच लिहिलेली आहे. पुढे सोनौलीची सीमा शंभर किलोमीटरच्या आसपास. तिथून टूरवाल्याची बस.

सीमेवर बस थांबली. टूरवाल्याचा माणूस म्हणाला, नेपाळच्या परवान्याचे प्रत्येकी पाचशे रुपये जादा द्या. छापील पत्रकात याचा उल्लेख नव्हता. बायांनी पदराच्या गाठी सोडून पैसे दिले. मी विचारले, या बसचा विमा नेपाळात चालतो का, कागद दाखवा. तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, वंदनेला आलात की केस करायला?" आमच्यातल्याच एक आजी मला म्हणाल्या, "जाऊ दे रे बाबा, भगवंताच्या जन्मभूमीला चाललोय, कशाला वाद?"

काही झाले नाही, आम्ही सुखरूप परतलो. पण तो कागद मला शेवटपर्यंत दिसला नाही. ज्यांनी नशीब, दैव, पूर्वजन्म नाकारणारा धम्म स्वीकारला, तीच माणसे डोंगराळ देशाची सीमा नशिबाच्या भरवशावर ओलांडतात, याला काय म्हणावे? धम्माने आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. ब्रेक निकामी असेल तर बस दरीत जाते. तिथे श्रद्धा आड येत नाही.

तनहुँमध्ये गेलेले यात्रेकरू आपल्या धम्माचे नसतील. पण ते आपल्यासारखेच कष्टकरी घरांतले होते आणि त्यांची बस आपल्या बससारखीच गोरखपूरची होती. त्यांचे मृतदेह वायुदलाच्या विमानाने जळगावला आणावे लागले. जिवंतपणी विमानात बसायला न मिळालेल्या कित्येकांचा पहिला विमान प्रवास तोच असेल.

इथे एक गोष्ट प्रत्येक यात्रा-संयोजकाने भिंतीवर लिहून ठेवावी. भारतातल्या वाहन विम्याचे क्षेत्र मुळात भारतापुरते असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांसाठी वेगळा जादा हप्ता भरून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. हा हप्ता बसच्या खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ असतो. पण ती नोंद नसेल आणि अपघात सीमेपलीकडे झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग मेलेल्यांच्या घरच्यांनी दाद मागायची कोणाकडे? ज्याच्या नावावर एकच जुनी बस आहे त्या मालकाकडे?

पासपोर्टवरचा शिक्का

आखातात जाणाऱ्या मजुराची कथा आणखी वेगळी. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' लागतो आणि अठरा ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. हेतू संरक्षणाचा आहे, हे मान्य. पण २०१८ च्या जानेवारीत सरकारने अशा लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे जाहीर केले. म्हणजे विमानतळावर लांबूनच ओळखू यावे की हा न शिकलेला, हा मजूर! गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधायला लावणाऱ्या पेशवाईची आठवण कोणाला आली नसेल? देशभर टीका झाली आणि त्याच महिन्यात सरकारला माघार घ्यावी लागली. आवाज उठवला की हक्क वाचतो, याचे हे ताजे उदाहरण.

याच मजुरांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख. मृतदेह आणण्याचा विमान खर्चही त्यात येतो. पण हा विमा रीतसर मंजुरी घेऊन जाणाऱ्यालाच सक्तीने काढला जातो. दलाल काय करतात? मंजुरीची कटकट नको म्हणून पर्यटक व्हिसावर पाठवतात. कागदोपत्री तो मजूर नसतोच, फिरायला आलेला पाहुणा असतो. विमा गेला, करार गेला. आणि घरचे कर्ज काढून दलालाचे पैसे फेडत राहतात.

आपण काय करायचे?

हक्क आहेत, पण मागणारा नाही. नियम इंग्रजीत, तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात. आणि शतकानुशतके 'देतील ते घ्यावे' अशी सवय लावलेली. ती सवय मोडणे हेच चळवळीचे काम आहे. थोडक्यात काही गोष्टी कापून ठेवा :

१) तिकीट, बोर्डिंग पास, सामानाचा टॅग, खर्चाच्या पावत्या घरी पोहोचेपर्यंत आणि नंतरही जपा. बाबासाहेबांना सहाशे रुपये मिळाले ते सामानाचा रीतसर व्यवहार झाला होता म्हणून.

२) सामान आले नाही किंवा मोडले तर विमानतळ सोडण्यापूर्वी तिथल्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा, तिची प्रत घ्या. मोडलेल्या सामानाची तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळालेल्याची एकवीस दिवसांत लेखी करावी लागते. एकवीस दिवसांत आले नाही तर सामान हरवले असे धरता येते. दावा दोन वर्षांत दाखल झाला पाहिजे.

३) शिकायला जाणाऱ्यांनी प्रमाणपत्रे, औषधे, प्रवेशाची कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत. आणि नागपूर ते मुंबई एक आणि मुंबई ते लंडन दुसरे अशी दोन सुटी तिकिटे शक्यतो काढू नयेत. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकल्यास जबाबदारी कंपनीची. सुटी असतील तर भुर्दंड तुमचा.

४) रोख परताव्याऐवजी कंपनीने 'क्रेडिट' किंवा 'व्हाउचर' पुढे केले तर ते घेण्याची सक्ती नाही. न वाचता सही करू नका.

५) लुंबिनीच्या यात्रेला बस ठरवताना लेखी करार करा. बसचा नंबर, परवाना, नेपाळची नोंद असलेल्या विम्याची प्रत, लांबच्या टप्प्याला दोन चालक, सीमेवरचा खर्च कोणाचा, हे सगळे त्यात हवे. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. पंधरा ते पासष्ट वयोगटाला नेपाळसाठी आधार कार्ड चालत नाही.

६) तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. दाद मिळाली नाही तर विमानासाठी सरकारचे 'एअरसेवा' आहे, इतर सर्व सेवांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फार मोठी सोय केली आहे. टूर कंपनी दिल्लीची असो की गोरखपूरची, दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या सेवेसाठी फी नाही. वकील लावण्याची सक्तीही नाही.

हे झाले व्यक्तीचे. पण एकेकट्याने लढून व्यवस्था बदलत नाही. विहारांनी, बँकांतल्या आणि सरकारी खात्यांतल्या आपल्या कर्मचारी संघटनांनी, वकील बांधवांनी मिळून प्रत्येक जिल्ह्यात एक प्रवासी मदत केंद्र का उघडू नये? यात्रेला निघणाऱ्या बसचे कागद तपासायला एक निवृत्त आरटीओ कर्मचारी आणि तक्रार लिहायला कायद्याचा एक विद्यार्थी पुरेसा आहे. सामाजिक न्याय विभागाने शिष्यवृत्तीच्या पत्रासोबत प्रवाशाच्या हक्कांची मराठी पुस्तिका द्यावी. सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रत्येक यात्रा-बसला परदेशी क्षेत्राच्या विम्याची नोंद सक्तीची करावी आणि ती नसेल तर सोनौलीच्या अलीकडेच बस अडवावी. विमानाच्या भरपाईतले 'जे कमी असेल ते' हे शब्द डीजीसीएने काढून टाकावेत. बाराव्या नाही तर तेराव्या निवेदनाला तरी उत्तर येते, हा आपला अनुभव आहे.

चाळीसगावला १९२९ मध्ये टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. तेव्हा वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसवला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांना जबर दुखापत झाली. वस्तीचा स्वाभिमान मोठा होता, त्यात शंका नाही. पण त्या दिवशी स्वाभिमानाला हाकण्याची विद्या नव्हती. आज आपल्याकडे विद्या आहे, कायदा आहे आणि हातात तिकीटही आहे. पुढच्या हिवाळ्यात आपली आई लुंबिनीला निघेल तेव्हा तिच्या पिशवीत मेणबत्ती आणि अगरबत्तीबरोबर बसच्या विम्याची प्रतही असली पाहिजे.

जय भीम!